मल्लाचे वजन आणि वर्षभराचा आहार

कुस्तीत बळाइतकाच वजनाचाही विचार करावा लागतो. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी ५७ किलोंच्या गटात कांस्यपदक मिळविले. २०२४ साली पॅरिस येथे त्याच वजनाच्या गटात कांस्यपदक मिळविणारा अमन सेहरावत हा दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममधील आखाड्यात तयार झालेला मल्ल होय. उपांत्य लढतीनंतर त्याचे वजन मर्यादेपेक्षा सुमारे साडेचार किलो अधिक भरले होते. रात्रभर खटपट करून ते उतरविण्यात आले, तेव्हाच त्याला दुसऱ्या दिवशी लढता आले. त्याच्या दोनच दिवस आधी, ७ ऑगस्ट रोजी, हरियानातील बलाली गावच्या विनेश फोगाट हिला मात्र या प्रयत्नात यश आले नव्हते. ५० किलोंच्या गटात अंतिम फेरी गाठलेल्या या मल्लाने रात्रभर घाम गाळला, केसही कापून टाकले. तरी सकाळी वजन सुमारे १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती अपात्र ठरली.

एका रात्रीत इतके वजन उतरते कसे आणि वर्षभर ते आटोक्यात का राहत नाही, हे दोन्ही प्रश्न समजून घेण्यासारखे आहेत.

रात्रीत उतरते ते काय?

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. दिवसाला ३,००० उष्मांक खर्च करणाऱ्या मल्लाने दिवसभर काहीही खाल्ले नाही, तरी त्याची चरबी ४०० ग्रॅमही घटणार नाही. यावरून रात्रीत उतरलेले काही किलो हे मुख्यत्वे पाणीच असते, हे स्पष्ट होईल. पोळी-भातातील कर्बोदके स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठतात व प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. हा साठा अर्धा किलो धरला, तर त्याच्या चढउतारानेच वजनात दोन किलोंचा फरक पडू शकतो. लढतींच्या दरम्यान मल्ल खातो-पितो तेव्हा हे पाणी परत येते आणि वजन वाढते.

ते पुन्हा बळाने काढणे धोक्याचे असते. शरीरातील पाणी घटले की रक्ताचे आकारमान कमी होते, हृदयावर ताण येतो आणि शरीराला उष्णता बाहेर टाकणे कठीण जाते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच प्रयत्नात मृत्यू पावले. त्यानंतर तेथे प्रत्येक मल्लाचे किमान सुरक्षित वजन आधीच ठरविण्याचा नियम झाला.

आहाराचे चक्र

मग वर्षभर अर्धपोटी राहून वजन कमीच का ठेवू नये? १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीझ यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन घटले, पण त्याबरोबर शरीराचा ऊर्जाव्ययही मंदावला. त्यांना थंडी वाजू लागली, शक्ती गेली आणि मनात अन्नावाचून दुसरा विचार उरेना. खेळाडूंतही दीर्घकाळच्या ऊर्जान्यूनतेने हाडे कमजोर होतात, स्त्रियांची मासिक पाळी बंद पडू शकते.

म्हणूनच आहारात आलटूनपालटून बदल करण्याची पद्धत सुचविली जाते. ज्या दिवशी जोर-बैठका आणि जोडीशी लढतीचा कठोर सराव असेल त्या दिवशी खर्चाइतका आहार घ्यावा व पोळी, भात, केळी यांत कपात करू नये. हलक्या सरावाच्या दिवशी हीच कर्बोदके आणि तूप-बदाम कमी करावेत. दूध, डाळी, अंडी यांतून मिळणारी प्रथिने मात्र रोज सारखीच असावीत. त्यांच्यामुळे स्नायू टिकतात. आठवड्यातील चार हलक्या दिवशी प्रत्येकी ५०० उष्मांक कमी घेतले, तर आठवड्याला सुमारे पाव किलो आणि बारा आठवड्यांत तीन किलोंपर्यंत चरबी घटते, असे गणित मांडता येते. प्रत्यक्षात शरीर काटकसर करू लागते, त्यामुळे घट थोडी कमी होते.

या पद्धतीत जादू काहीच नाही. एकूण उष्मांक सारखे असतील, तर ते रोज थोडे घटविले काय अथवा आलटूनपालटून घटविले काय, चरबीच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. कठोर सरावाच्या दिवशी मल्ल उपाशी राहत नाही, त्याचा सराव खालावत नाही, हाच तिचा खरा लाभ होय.

वर्षाचीही अशीच विभागणी करावी लागते. स्पर्धा नसताना वजन दोन-तीन किलोंनी वाढू द्यावे आणि पूर्वतयारीच्या महिन्यांत ते सावकाश उतरवावे. त्यासाठी वजनगट शरीराला झेपेल असाच निवडलेला हवा. विनेश पूर्वी बरीच वर्षे ५३ किलोंच्या गटात लढत होती. त्याखालचे तीन किलो तिला किती जड गेले असतील, याची यावरून कल्पना येते.