शहाबादीवर काय घालावं?
संभाजीनगरच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी अजून आहे. उन्हाळ्यात पायाला गार, पण तेल-पाणी पिणारी. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, म्हणून डाग सहसा मुरत नाहीत. बाथरूमला मात्र मॅटच घ्या. जुनी फरशी सपाट आणि घट्ट असेल, तर तिच्यावरच व्हिनाइल पट्ट्या बसतात, तोडफोड वाचते. (दारं अडकतील का, ते आधी बघा.)

भिंतींबाबत बीबी का मकबरा पाहावा: खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला संगमरवर, मधल्या भागावर नक्षीदार गिलावा. घरातही नक्षी अशीच एका भागापुरती ठेवा: वॉलपेपर एकाच भिंतीला पुरे. ओल झिरपत असेल तर मुळीच नको, मागे बुरशी धरते. आधी गळती बुजवा, गिलावा पूर्ण वाळू द्या.