चारशे केव्हीच्या तारेवरचा माणूस

चालू वीजवाहिनीवर जाऊन, तारेला हात लावून, सावकाश नटबोल्ट आवळणारी माणसं आपल्या देशात आहेत, हे ठाऊक होतं तुम्हाला? वाहिनीही साधीसुधी नाही, चक्क ४०० केव्हीची! घरच्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात. ४०० केव्ही, म्हणजे किलोव्होल्ट, हा दोन तारांमधला फरक; एका तारेत आणि जमिनीत फरक असतो सुमारे २ लाख ३० हजार व्होल्टचा. बरोब्बर हजारपट.

मग हातात जाड रबरी मोजे असतील? छे! तारेवरच्या माणसाचे मोजे, टोपी, बूट, अंगावरचा सूट, सगळं मुद्दाम वीज वाहून नेणारं. कापडातच स्टेनलेस स्टीलचे बारीक तंतू विणलेले असतात.

हे वेड शिकवणारी शाळा बंगळुरूजवळ आहे: नॅशनल पॉवर ट्रेनिंग इन्स्टिट्यूटचं हॉट लाइन ट्रेनिंग सेंटर. वाहिनी बंद केली तर शेकडो मेगावॉटचा खोळंबा होतो, म्हणून ती चालू ठेवूनच दुरुस्त करायची.

पण माणूस जिवंत कसा राहतो? शेजारच्या दोन हौदांत पाणी एकाच पातळीला असेल, तर मधला नळ उघडा, थेंबही सरकणार नाही. विजेलाही वाहायला पातळीतला फरकच लागतो. तारेवरचा कावळा सुखरूप असतो तो यामुळेच. त्याचे दोन्ही पाय एकाच पातळीवर! प्रशिक्षणात माणसाला जवळजवळ कावळाच करतात म्हणा ना.

वीज न वाहणाऱ्या शिडीवरून किंवा दोरांच्या आधारानं तो तारेकडे सरकतो. जमिनीशी नातं तुटलेलं. तार हातभर अंतरावर आली की हवेतच कडकड ठिणग्या उडू लागतात. इथे बिचकून चालत नाही. सुटाला जोडलेली धातूची कांडी आधी तारेला टेकवायची, मग चिमटा पक्का करायचा. झालं! आता तो आणि तार एकाच पातळीवर. भोवतीचं विद्युतक्षेत्र मात्र प्रचंड असतं. त्याचा भार सूट बाहेरच्या बाहेर झेलतो, आतलं शरीर शांत. मायकेल फॅरडेनं १८३६ मध्ये लंडनला धातूनं मढवलेल्या मोठ्या पेटीत स्वतः बसून हेच तपासलं होतं. पेटीवर बाहेरून ठिणग्या, आत काहीच नाही!

आता खरी मेख. मनोऱ्यावरच्या सहकाऱ्यानं सहज हात लांब करून त्याला पाना दिला तर? संपलं. मनोरा जमिनीच्या पातळीवर, हा तारेच्या. म्हणून प्रत्येक पाना, प्रत्येक बोल्ट वीज न वाहणाऱ्या दोरावरूनच येतो. हवा दमट असेल किंवा पाऊस आला, तर काम बंद, कारण ओला दोर भरवशाचा नाही. मला तर ठिणग्यांपेक्षा हा पाना न देण्याचा संयम जास्त थक्क करतो.

आपल्या गावचा वायरमन बहुधा उलट करतो. परमिट घेऊन फीडर बंद करवतो, डिस्चार्ज रॉडनं तार जमिनीशी जोडतो, मगच हात लावतो. बंद तारेला अर्थिंग कशाला? कुणाच्या तरी जनरेटरमधून वीज उलटी येऊ शकते, शेजारच्या चालू वाहिनीमुळेही बंद तारेत दाब चढतो. म्हणून तारेलाच जमिनीच्या पातळीवर आणून ठेवायचं.

आणि तार तुटून जमिनीवर पडली तर? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात गावोगाव खांब आडवे झाले होते. अशा ठिकाणी पोचणाऱ्या अग्निशमन जवानाला शिकवतात की तार नुसती दिसते तेवढी नसते. चालू तारेची वीज मातीत पसरते आणि पडल्या जागेपासून दूर जावं तशी पातळी उतरत जाते. म्हणजे एक पाय इथे, दुसरा पुढे टाकला, की दोन पायांतच फरक! वीज एका पायानं चढते, दुसऱ्यानं उतरते. गाईगुरांच्या पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर जास्त, त्यामुळे ती आधी बळी पडतात. तार न शिवताही!

सुटायचं कसं? पाय जुळवून, न उचलता, इंचाइंचानं घसटत मागे सरकायचं. गाडीवर तार पडली असेल, तर आतल्यांना ओरडून सांगायचं, आतच बसा. पत्रा आणि तुम्ही एकाच पातळीवर आहात. गाडीनं पेटच घेतली तर मात्र दोन्ही पाय जुळवून दूर उडी मारायची, गाडी आणि जमीन एकाच वेळी अंगाला लागता कामा नयेत.