प्रवाळबेटांची जलयात्रा : पूर्वतयारी आणि पथ्ये

समुद्रकाठी राहणाऱ्या माणसालाही समुद्राचा परिचय बहुधा त्याच्या पृष्ठभागापुरताच असतो. लाटा, होड्या, भरती-ओहोटी हे आपण नित्य पाहतो. परंतु त्या निळ्या पडद्याआड जी सृष्टी नांदते, ती आपल्या दृष्टीस पडत नाही. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात आखूड श्वासनळी आणि पायांत रबरी पंख एवढ्या साधनांनिशी पाण्यावर पालथे तरंगत ही सृष्टी न्याहाळता येते. यालाच 'स्नॉर्केलिंग' म्हणतात. आपल्याकडे मुरगावनजीकच्या ग्रांदे बेटापाशी आणि मालवणच्या किनाऱ्यालगत हे चालते. परंतु आपल्या नद्या समुद्रात गाळ आणून सोडतात, म्हणून पाणी पुष्कळदा गढूळ असते. लक्षद्वीपात एकही नदी नाही. तेथील पाणी निर्मळ राहते, आणि निर्मळ, उबदार, खाऱ्या पाण्यातच प्रवाळ उत्तम वाढतो. म्हणून अशा यात्रेचा विचार लक्षद्वीपाच्या उदाहरणाने करणे सोयीचे होईल.

कोचीपासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटरांवर ही बेटे विखुरलेली आहेत. वस्ती अवघ्या १० बेटांवर असून सर्व बेटांचे क्षेत्रफळ मिळून ३२ चौरस किलोमीटरच भरते. बहुतेक बेटे कंकणाकृती प्रवाळभित्तीच्या कडेवर वसलेली आहेत. बुडत चाललेल्या ज्वालामुखी पर्वताभोवती प्रवाळ वर वर वाढत गेला, पर्वत नाहीसा झाला आणि कडे तेवढे उरले, अशी या रचनेची उपपत्ती चार्लस् डार्विनने १८४२ साली मांडली. कड्याच्या आतील उथळ, शांत पाण्यास 'लगून' म्हणतात. नवशिक्याने येथेच उतरावे. कड्याबाहेर समुद्र एकाएकी खोल होतो.

आता साधनांचे शास्त्र पाहू. उघड्या डोळ्यांना पाण्यात अंधुक दिसते, कारण डोळ्याचे बुबुळ आणि पाणी यांची प्रकाश वळविण्याची शक्ती जवळजवळ सारखीच असते. मुखवट्यामुळे डोळ्यांपुढे हवा राहते आणि सारे स्पष्ट दिसते; मात्र वस्तू असते त्याहून सुमारे एकचतुर्थांश जवळ भासते. मुखवट्यात नाकही झाकलेले असावे. बुडी मारताना बाहेरचा दाब वाढतो, तेव्हा नाकातून थोडी हवा सोडून तो सावरता येतो. पोहण्याच्या साध्या चष्म्याने हे साधत नाही.

श्वासनळी आखूडच का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. एक मीटर खोलीवर छातीच्या दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जादा भार पडतो. त्याविरुद्ध फार वेळ श्वास ओढणे स्नायूंना झेपत नाही. शिवाय लांब नळीत उच्छ्वासाचीच हवा साचून पुन्हा आत जाते. म्हणून घरी लांब नळी जोडण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

यात्रेचा काळ ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा. पुढे पावसाळी वाऱ्यांनी समुद्र खवळतो. बेटांवर जाण्यास प्रवेश-परवाना लागतो. तो आधीच मिळवावा. कोचीहून बोट निघते, आणि अगत्ती बेटावर विमानतळही आहे. मोठी बोट पुष्कळ ठिकाणी भित्तीबाहेर थांबते आणि प्रवाशांना लहान होडीत उतरवून घेतात. तेव्हा सामान आटोपशीर असावे.

अगत्तीहून बंगारम आणि तिण्णकर या जवळच्या बेटांची फेरी करावयाची, असे समजा. पहिला दिवस अगत्तीच्या लगूनमध्ये कमरेएवढ्या पाण्यात सरावासाठी ठेवावा. फेरीच्या दिवशी पहाटेस निघावे, कारण दुपारी वारा वाढतो. तत्पूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरदार असतात, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी सौम्य असते. ओहोटीच्या वेळी लगूनचे पाणी भित्तीतील खिंडीवाटे वेगाने बाहेर पडते; पट्टीचा पोहणाराही त्यापुढे हतबल होतो. म्हणून भरती पुरी झाल्यावर पाणी स्थिरावते, ती वेळ उत्तम. इंधनाचा एक भाग जाण्यास, एक येण्यास आणि एक संकटासाठी, असे तीन भाग करावेत. परतण्याची वेळ किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून ठेवावी. आणि तांडेल 'आज नको' म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. यासाठीच एक दिवस हाती राखून ठेवलेला असावा.

पाण्यात दोघादोघांच्या जोड्या कराव्यात, आणि होडीत चढताना दरवेळी माणसे मोजावीत. प्रत्येकाच्या अंगी तरंगते जाकीट असावे. उबदार पाण्यातही शरीर निवते, कारण पाणी हवेहून सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून घेते. कापरे भरताच बाहेर यावे. एका गोष्टीची ताकीद द्यावीशी वाटते. अधिक वेळ बुडी मारता यावी म्हणून आधी भराभर श्वास घेण्याची खोड प्राणघातक आहे. श्वासाची तळमळ उत्पन्न होते ती रक्तातील कार्बन डायऑक्साइडमुळे. तो असा घटविला, की प्राणवायू संपत आल्याची सूचनाच मिळत नाही, आणि माणूस पाण्याखाली निमूटपणे बेशुद्ध होतो.

जसे आपल्या जिवाला जपावे, तसेच प्रवाळालाही. तो दगड नव्हे. असंख्य सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत आहे. कित्येक जातींची वाढ वर्षाला एक सेंटीमीटरही नसते. म्हणजे टाचेखाली क्षणात मोडलेला हातभर तुकडा अर्ध्या शतकाची कमाई असू शकतो. त्यावर उभे राहू नये, नांगर वाळूतच टाकावा, माशांना खाऊ घालू नये. काही उन्हरोधक मलमांतील द्रव्ये प्रवाळास बाधतात. पालाउ देशाने २०२० पासून अशा मलमांस बंदी केली. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा बरा. प्रवाळाचे तुकडे घरी आणणे तर कायद्यानेच गुन्हा आहे.

मुलांनो, हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. समुद्र तापला, की प्रवाळाच्या शरीरात राहून त्यास अन्न पुरविणारी सूक्ष्म शेवाळे निघून जातात आणि तो पांढराफटक पडतो. लक्षद्वीपात १९९८, २०१० आणि २०१६ साली असे घडले. बेटाला लाटांपासून वाचविणारा तट ही भित्तीच असते. बंगारमजवळचे निर्जन परळी-१ हे बेट झिजून पाण्याखाली गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. ज्या भूमीवर माणसे राहतात, नारळ पिकवितात आणि शाळा चालवितात, तिचा पाया या चिमुकल्या जीवांनी रचला आहे. त्यांच्या घरी पाहुणे म्हणून जावे, डोळे भरून पाहावे आणि काहीही न मोडता, काहीही न उचलता परत यावे.