उंच केलेली फोर बाय फोर पिकअप का थरथरते? कंपासपेटीतल्या कोनमापकाने दिलेलं उत्तर



"सर, कोन मोजून पुढे काय उपयोग?" हा प्रश्न आपल्या सगळ्यांना वर्गात कधी ना कधी आलेलाच असतो. माझ्याकडे त्याचं नीट उत्तर नव्हतं. ते मागच्या उन्हाळ्यात मिळालं, तेही माझ्या दादाच्या पिकअपखाली. म्हणून आजचा लेख थोडा वेगळा आहे. आज आपण गाडीच्या ड्राइव्हट्रेनविषयी, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या साखळीविषयी माहिती पाहणार आहोत.

आधी घडलं काय ते सांगतो

दादाकडे जुनी फोर बाय फोर पिकअप आहे. डोंगरातल्या वस्तीवरून तो दुधाचे कॅन खाली आणतो. पावसाळ्यात ओढ्याच्या वाटेने दुसरी गाडी वर येत नाही, त्यामुळे वस्तीवर कोणी आजारी पडलं की यालाच हाक जाते. खालून दगड लागतात म्हणून त्याने गाडी चार इंच उंच करून घेतली. मागे लांब शॅकल लावले, पाटे वाढवले आणि टायरही मोठे टाकले. गाडी रुबाबदार दिसायला लागली, पण 50 च्या पुढे गेली की बुडाखालची सीट थरथरायची. सहा महिन्यांत प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तीनदा गेला. प्रत्येक वेळी नवीन क्रॉस, मजुरी, वर एक दिवसाचं दूध गावातच.

मी म्हटलं, "दादा, क्रॉस गेला की तू बदलतोस. पण तो का जातो?"

दादा म्हणाला, "तू मास्तर आहेस, तुला गाडीतलं काय कळतंय?"

बोलणं खरंच होतं. पण त्याच गाडीत आई पुढच्या सीटवर बसून दवाखान्यात जाते. चालत्या गाडीचा शाफ्ट पुढच्या बाजूने सुटला तर त्याचं टोक रस्त्यात रुतू शकतं, ब्रेकचा पाइप तुटू शकतो. म्हणून मी शोधायला बसलो.

ताकदीची साखळी

इंजिन → क्लच → गिअरबॉक्स → ट्रान्सफर केस → प्रोपेलर शाफ्ट → डिफरन्शियल → अॅक्सल → चाक.

फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसमधून दोन शाफ्ट निघतात, एक पुढच्या चाकांकडे आणि एक मागच्या. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस चासीला बसवलेले असतात, पण मागचं हाउसिंग पाट्यांवर खालीवर होत असतं. म्हणजे एक टोक स्थिर आणि दुसरं हलतं. मग सरळ दांडा मध्ये कसा टिकेल? त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. क्रॉस म्हणजे अधिक चिन्हासारखा तुकडा. त्याच्यामुळे शाफ्ट वाकड्या कोनातही फिरू शकतो. शिवाय शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून त्यात एक सरकता सांधा असतो.

या सांध्याला इटलीच्या 16व्या शतकातल्या कार्डानो या गणितज्ञाच्या नावावरून कार्डन जॉइंट म्हणतात. इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने 17व्या शतकात त्याचा अभ्यास केला. आपण विज्ञानात पेशी शिकवताना ज्याचं नाव घेतो तोच हा हुक!

गंमत इथे आहे

क्रॉसमधून फिरणं पुढे जातं, पण ते एकसारखं जात नाही. सांधा वाकडा असेल तर पलीकडचा दांडा एका फेरीत दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो. अलीकडचा दांडा मिनिटाला 1000 फेऱ्या एकसारखा फिरतोय असं धरा.

- सांध्याचा कोन 7 अंश असेल तर पलीकडचा वेग साधारण 993 ते 1008 यांच्यात वरखाली होतो.
- कोन 14 अंश असेल तर तोच वेग साधारण 970 ते 1031 यांच्यात वरखाली होतो.

कोन दुप्पट झाला, पण चढउतार जवळपास चौपट झाला. गाडी उंच केली की नेमका हाच कोन वाढतो.

मग कंपनीतून आलेली गाडी का थरथरत नाही? कारण क्रॉस दोन असतात. पहिल्याने केलेला चढउतार दुसरा उलटा करून मिटवतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली, दोन्ही सांध्यांचा कोन सारखा हवा. दुसरी, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत हवेत. यातली एक जरी अट मोडली तरी बेरीज-वजाबाकी जुळत नाही आणि उरलेला झटका क्रॉस, बेअरिंग आणि ऑइल सील खातात.

(काही गाड्यांत ट्रान्सफर केसच्या टोकाला जोडक्रॉस असतो. तिथे नियम वेगळा आहे. खालच्या पिनियनचं तोंड जवळजवळ शाफ्टच्याच रेषेत ठेवावं लागतं.)

सातवीची मुलं आणि पिकअप

रविवारी दादाची गाडी शाळेच्या पटांगणात, सपाट फरशीवर लावली. चारही चाकांना दगड लावले. एका कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधला आणि दोऱ्याला नट लटकवला. झालं आपलं यंत्र! कोनमापकाची सरळ कड दांड्याला टेकवायची आणि दोरा किती अंशावर पडतो ते बघायचं. गाडी चारही चाकांवर उभी होती, त्यामुळे खाली शिरून मोजायचं काम मी आणि दादाने केलं. मुलं बाहेर बसून आकडे लिहीत होती.

आकडे असे आले. ट्रान्सफर केसचा दांडा मागे 3 अंश उतरता, शाफ्ट 15 अंश उतरता आणि डिफरन्शियलचा पिनियन 8 अंश उतरता.

मुलांनी वजाबाकी केली. वरचा सांधा 15 − 3 = 12. खालचा सांधा 15 − 8 = 7. एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, दोन्ही सारखे पाहिजेत ना? मग हे चुकलंय." दादा तिच्याकडे बघतच राहिला.

कारणही सापडलं. मागचे शॅकल लांब केल्यामुळे पाट्याचं मागचं टोक खाली गेलं. पाटा तिरका झाला, त्याच्यासोबत हाउसिंग फिरलं आणि पिनियनचं नाक 5 अंश वर उचललं गेलं. क्रॉस दोषी नव्हताच. तो बिचारा दुसऱ्याची चूक सोसत होता.

झटके किती बसत होते तेही काढलं. टायरचा घेर 245 सेंमी आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर 4:1 धरलं, तर ताशी 50 ला शाफ्ट सेकंदाला साधारण 23 वेळा फिरतो. एका फेरीत दोन झटके, म्हणजे सेकंदाला साधारण 45. क्रॉस सहा महिन्यांत तीनदा गेला यात नवल काय?

लक्षणावरून दोष कसा ओळखायचा?

ज्या पालकांकडे अशी गाडी आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

1. थरथर सीटखाली आणि फ्लोअरला जाणवते: बहुतेक वेळा शाफ्ट. थरथर फक्त स्टिअरिंगला असेल तर आधी टायरचं बॅलन्सिंग बघा.
2. मोकळ्या, सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल केलं तरी थरथर तशीच: दोष इंजिनात नाही, पुढच्या साखळीत आहे. हे घाटात किंवा उतारावर अजिबात करू नका.
3. गिअर टाकताना 'खण्ण' आवाज: क्रॉसमध्ये किंवा सरकत्या सांध्यात खेळ आला आहे. शाफ्ट हाताने हलवून बघा.
4. शाफ्ट उतरवून बसवल्यानंतरच थरथर सुरू झाली: सरकता सांधा चुकीच्या दातावर बसला असेल आणि चिमटे एका रेषेत नसतील. म्हणून काढण्याआधी दोन्ही भागांवर खडूने किंवा रंगाने एकच रेघ मारावी.
5. पाय दाबला की घूं आवाज आणि सोडला की आवाज बदलतो: क्राउन-पिनियन तपासून घ्या.
6. डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ, चहासारखं: आत पाणी गेलंय. तापलेलं हाउसिंग ओढ्यात बुडालं की थंड होऊन आत हवा ओढतं आणि ब्रीदर खराब असेल तर पाणीही ओढतं. ऑइल बदला, ब्रीदर साफ करा, त्याची नळी उंच न्या.
7. वळणावर गाडी अडते, फोर बाय फोरचा लिव्हर निघत नाही: हा बिघाड नसून वापरातली चूक असू शकते. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. साध्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधलेले असतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही आणि साखळीला पीळ बसतो. सरळ रेषेत थोडं मागे-पुढे घेतलं की पीळ सुटतो. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावूच नका आणि चारही टायर एकाच मापाचे ठेवा.

मोठ्या टायरचं गणित

दादाचा जुना टायर 70 सेंमी व्यासाचा होता, नवा 78. घेर साधारण 220 वरून 245 सेंमी झाला. म्हणजे काट्यावर 60 दिसतो तेव्हा गाडी खरी 67 च्या आसपास पळत असते! घाटात हे फार महत्त्वाचं आहे. शिवाय मोठं चाक फिरवायला क्लचला जास्त सोसावं लागतं. ते भरून काढायला क्राउन-पिनियनचं गुणोत्तर बदलायचं असेल तर पुढचं आणि मागचं दोन्ही सारखंच बदलावं लागतं. एकच बदललं तर फोर बाय फोर लावताच दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडतात.

मग उपाय काय केला?

मेस्त्रींसमोर मुलांनी लिहिलेला कागद ठेवला. त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये 5 अंशांची लोखंडी पाचर बसवून पिनियनचं नाक खाली आणायचं. मग दोन्ही सांधे 12-12 होतील आणि थरथर जाईल. पण 12 अंशांवर क्रॉस मूळच्यापेक्षा लवकर झिजणारच. शिवाय उंच केलेल्या गाडीला ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबलही पुरेशी लांब लागते. दुसरा, गाडी मूळ उंचीवर आणायची.

इथे कायद्याचाही प्रश्न होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. उद्या काही झालं तर विम्याचीही अडचण.

दादाने दोन दिवस विचार केला आणि दुसरा मार्ग धरला. मूळ शॅकल, मूळ पाटे, मूळ मापाचे टायर. परत मोजलं तर ट्रान्सफर केस 3, शाफ्ट 10, पिनियन 3. दोन्ही सांधे 7-7! यू-बोल्ट काही दिवस चालवून पुन्हा आवळून घेतले. तेव्हापासून क्रॉस बदललेला नाही. ओढ्याच्या वाटेवर दोन मोठे दगड होते, ते वस्तीवरच्या चौघांनी पहारीने बाजूला केले.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा

एक मागचं चाक जॅकवर उचललं असेल तर "गाडी गिअरमध्ये आहे, हलणार नाही" असं समजू नका. डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक मोकळं फिरू शकतं, जमिनीवरचं चाक घरंगळतं आणि गाडी जॅकवरून पडते. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, घोडी लावल्याशिवाय खाली हात घालू नका. आणि मुलांना गाडीखाली कधीच पाठवू नका.

वर्गात काय करता येईल?

- कोनमापक, दोरा आणि नट यांपासून उतारमापक बनवून शाळेच्या रॅम्पचा कोन मोजणे.
- सायकल आणि मोटारसायकल यांच्या चाकांचा घेर दोऱ्याने मोजणे आणि व्यासाशी त्याचं गुणोत्तर काढणे.
- एक किलोमीटरमध्ये प्रत्येक चाक किती वेळा फिरेल ते काढणे.

हे अंश आणि घेर आपण दरवर्षी फळ्यावर शिकवतो. ज्या मुलाचे वडील गाडीवर पोट भरतात, त्याला ते गाडीजवळ नेऊन दाखवले तर "पुढे काय उपयोग" हा प्रश्न तो परत विचारणार नाही. दादाने तो आकड्यांचा कागद गाडीच्या खणात जपून ठेवलाय. आता गाडीने जरा आवाज केला की त्याचा फोन येतो, "मास्तर, ते कोनमापक घेऊन ये रे."