ओब्रायन : एका राजाचे नातू

‘ओब्रायन’मधला ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. आयरिश लेखनात अपॉस्ट्रॉफी नाही. ‘ओ’च्या डोक्यावर तिरकी रेघ असते.

● मूळपुरुष : आयर्लंडचा राजाधिराज ब्रायन बोरू. १०१४ मध्ये डब्लिनजवळ क्लॉन्टार्फची लढाई त्याच्या सैन्यानं जिंकली, पण तो स्वतः मारला गेला.

● मुलूख : पश्चिमेचा क्लेअर परगणा. तिथला ड्रोमोलँड हा घराण्याचा वाडा आज आलिशान हॉटेल आहे. मोहरच्या कड्यांवरचा ओब्रायन टॉवर जमीनदार कॉर्नेलियस ओब्रायननं १८३५ मध्ये बांधला. समुद्र पाहायला येणाऱ्यांसाठी!

● बंडखोर : ड्रोमोलँडमध्येच जन्मलेल्या विल्यम स्मिथ ओब्रायननं १८४८ च्या उठावाचं नेतृत्व केलं. फाशीऐवजी त्याला टास्मानियात काळ्या पाण्यावर धाडलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ओब्रायन काउंटीला त्याचंच नाव आहे.

● लेखणी : क्लेअरच्या एडना ओब्रायनची ‘द कंट्री गर्ल्स’ (१९६०) ही पहिली कादंबरी, मायदेशानं तिच्यावर बंदी घातली. विनोदी कादंबरीकार फ्लॅन ओब्रायन मात्र घराण्यातला नव्हे. ते टोपणनाव, खरं नाव ब्रायन ओनोलन.

● लेकी-सुना : आयरिशमध्ये मुलगी ‘ओ’ लावत नाही. लेकीच्या आडनावाआधी ‘नी’ येतं, सुनेच्या आधी ‘ई’. शिवाय ‘ब’चा उच्चार ‘व’ होतो. त्यामुळे एकाच घरात एका आडनावाची तीन रूपं नांदतात.