काजूच्या भाटीवर फेणीची पारख

काजूची फेणी हे गोव्याच्या डोंगरउतारांवरचे मद्य. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेला काजू सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे या भागांत चांगलाच रुजला आणि त्याच्या बोंडांपासून मद्य गाळण्याची परंपरा गावोगाव घडली. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तर 2016 मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. फेणी बाटलीतून बारा महिने मिळते, पण ती समजून घ्यायची तर मार्च ते मे या हंगामात भाटीवर जावे. फेणी जिथे गाळतात ती जागा म्हणजे भाटी.

फेणीची चव बागेतच ठरू लागते. बोंडे झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून आपोआप गळलेलीच वेचतात, कारण कच्च्या बोंडाचा रस तुरट असतो. बी पिळून वेगळी केली की बोंडे दगडी कुंडात पायांनी तुडवतात. राहिलेल्या चोथ्याचा ढीग वेलींनी बांधून त्यावर जड दगड ठेवतात. त्यातून थेंबथेंब निथळणारा स्वच्छ रस म्हणजे नीरो. तो ताजाच प्यायचा असतो.

तुडवून काढलेला रस आंबण्यासाठी साधारण तीन दिवस ठेवला जातो. पारंपरिक पद्धतीत त्यात पाणी, साखर किंवा विकतचे यीस्ट घालत नाहीत. फळावरचे आणि हवेतले सूक्ष्मजीवच हे काम करतात. आंबलेला रस भाणात, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात, लाकडाच्या जाळावर उकळतात. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते. ते भांडे पाण्याने सतत गार ठेवल्यामुळे वाफेचा पुन्हा द्रव होतो. जाळ भडकला तर मद्याला करपट वास लागतो, म्हणून अनुभवी माणूस भट्टीपासून हलत नाही.

पहिल्या गाळपातून हुर्राक मिळतो. त्यात मद्यार्क साधारण 15 टक्के असतो. तो फार टिकत नाही, त्यामुळे हंगामातच संपतो. लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून तो पिण्याची रीत आहे. हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळले की फेणी तयार होते. तिची तीव्रता 42 टक्क्यांच्या आसपास असते. जुने भाटीवाले ती ‘ग्राव’ या पोर्तुगीज मापात सांगतात.

चाखण्याचा क्रमही हाच ठेवावा: आधी नीरो, मग हुर्राक, शेवटी फेणी. एकाच फळाची तीन रूपे त्यातून लक्षात येतात. फेणीचा पेला एकदम नाकाशी नेऊ नये. तिचा उग्र दर्प दुरूनच येतो. दोन थेंब तळहातावर चोळावेत. मद्यार्क उडून गेल्यावर मागे पिकलेल्या बोंडाचा वास उरला तर फेणी चांगली. नुसता जळका वास राहिला तर गाळपात घाई झालेली असते. मग अगदी लहान घोट जिभेवर फिरवावा, आणि दुसऱ्या घोटाआधी पाणी प्यावे.

दक्षिण गोव्यात माडाच्या सुरेपासूनही, म्हणजे माडीपासूनही, फेणी गाळतात. तिचा वास काजूच्या फेणीपेक्षा सौम्य असतो, म्हणून दोन्ही शेजारीशेजारी चाखल्या तर फरक चटकन कळतो. गोव्यात मद्यपानासाठी किमान वयाची अट आहे, आणि चाखण्यासाठी जाणाऱ्यांनी परतीच्या गाडीसाठी न पिणारा चालक आधीच ठरवून ठेवावा.