रॉबिनची जागा आणि ७२ मते

मुलांच्या हातात कॉमिक दिसले की आपण फार तर ‘अभ्यास कर’ म्हणतो. त्यात काय छापले आहे ते सहसा उघडून पाहत नाही. वाचकहो, बॅटमॅनच्या कॉमिकमधली एक हकिकत मात्र मोठ्यांनीही वाचावी अशी आहे. वटवाघळाच्या वेशात रात्री गुन्हेगारांशी लढणारा हा अमेरिकन नायक १९३९ सालापासून छापला जातो आहे. तो म्हातारा होत नाही. त्याच्या शेजारचा मुलगा मात्र मोठा होतो, निघून जातो आणि त्याच्या जागी नवा आणावा लागतो. तो कसा आणायचा, हाच खरा प्रश्न.

पहिला मुलगा आला तो एका साध्या अडचणीतून. लेखक बिल फिंगर यांच्यापुढे पेच होता, की बॅटमॅन एकटा. तो बोलणार कोणाशी? शेरलॉक होम्सला वॉटसन होता, तसा कोणीतरी याला हवा. म्हणून एप्रिल १९४०च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८व्या अंकात रॉबिन आला. हे नाव तरुण चित्रकार जेरी रॉबिन्सन यांनी सुचवले. रॉबिन म्हणजे डिक ग्रेसन, सर्कशीतला मुलगा. झुल्यावर काम करणारे त्याचे आईवडील गुंडांनी मारले. बॅटमॅनचेही आईवडील असेच मारले गेले होते, त्यामुळे ही जोडी लोकांच्या मनात बसली. (मेहनत करणाऱ्याचे नाव कसे मागे पडते पाहा. फिंगर १९७४ साली वारले आणि बॅटमॅनच्या निर्मितीचे अधिकृत श्रेय त्यांना मिळाले २०१५ साली.)

डिक मोठा झाला आणि १९८४ साली ‘नाइटविंग’ या नावाने स्वतंत्र नायक बनला. त्याच्या जागेसाठी जेसन टॉड हा मुलगा १९८३ सालीच आणला होता. पण कसा? हाही सर्कशीतला, याचेही आईवडील झुल्यावरचे, तेही मारले गेलेले. इतकेच काय, त्याचे तांबूस केसही डिकसारखे काळे रंगवले! कचेरीत सर्वांच्या लाडक्या माणसाच्या निवृत्तीनंतर त्याच्या खुर्चीवर नवा माणूस बसला, की पहिले वर्षभर त्याच्या प्रत्येक गोष्टीची तुलना होते. जेसनचे तेच झाले.

मग १९८७ साली त्याची कथाच नव्याने लिहिली, आणि मला विचाराल तर ती जुनीपेक्षा कितीतरी सरस होती. आता जेसन हा शहरातल्या बदनाम गल्लीत एकटा राहणारा पोर. बाप गुंडांच्या नादी लागलेला, आई वारलेली. पोटासाठी तो टायर चोरतो आणि एका रात्री थेट बॅटमॅनच्याच गाडीची चाके काढतो! या मुलाला घर मिळणे, शिकायला मिळणे यात केवढी कथा होती. पण लेखकांनी त्याला तापट आणि उर्मट करत नेले. वाचकांची नाराजी वाढत गेली.

सप्टेंबर १९८८मध्ये प्रकाशकांनी दोन फोन नंबर जाहीर केले. एक जेसनला जगवण्यासाठी, दुसरा मारण्यासाठी. एका फोनला ५० सेंट. कथेत त्या वेळी तो जन्मदात्या आईच्या शोधात गेला होता. आईनेच त्याला जोकर या खलनायकाच्या हवाली केले. जोकरने त्याला पहारीने मारले आणि बॉम्ब लावून निघून गेला. सुमारे दीड दिवस फोन चालले. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. ७२ मतांनी मुलगा गेला. दगा देणाऱ्या त्या आईला वाचवायला तो स्वतः आडवा झाला होता. एकाच माणसाने संगणकाला जोडून तासन्‌तास फोन लावले, असे आपल्या कानावर आल्याचे संपादक डेनी ओ’नील यांनी पुढे सांगितले. खरे असेल तर त्या निकालाला कौल तरी कसे म्हणावे?

आता तिसरा मुलगा आणणे म्हणजे निखाऱ्यावर पाय ठेवणे. लेखक मार्व्ह वुल्फमन यांनी १९८९ साली टिम ड्रेकला फार जपून आणले. टिमने लहानपणी सर्कशीत डिकची चार कोलांट्यांची उडी पाहिली होती. पुढे टीव्हीवर रॉबिनला तीच उडी मारताना पाहून त्याने दोघांचीही ओळख स्वतःच्या डोक्याने शोधून काढली. जेसननंतर बॅटमॅन बेभान होऊन लढतो आहे, हेही त्याने ओळखले. पण म्हणून त्याने जागा मागितली नाही. तो डिककडे गेला आणि म्हणाला, तुम्ही परत या. डिक येईना आणि दोघेही संकटात सापडले, तेव्हाच त्याने तो वेश अंगावर घातला. बॅटमॅनने तरीही लगेच होकार दिला नाही. आधी शिक्षण झाले, मग डिसेंबर १९९०च्या अंकात नवा पोशाख मिळाला. आखूड चड्डी जाऊन पूर्ण विजार आली. जेसनचा पोशाख काचेच्या कपाटात जपलेला राहिला. वाचकांनी टिमला आपला मानले. १९९३ ते २००९ पर्यंत त्याच्या नावाने स्वतंत्र मासिक चालले, १८३ अंक.

टिम खात्यापित्या घरचा, हुशार, नम्र. तो आवडणारच. पण जेसनच्या वेळी डिक जाण्याचे दुःख कथेत नीट मांडलेच नव्हते आणि त्याचा राग या पोरावर निघाला, असे मला वाटते.

२००५ साली लेखक जड विनिक यांनी जेसनला जिवंत परत आणले. तो बॅटमॅनला जाब विचारतो. मला का वाचवले नाही, असे नव्हे. मला मारणारा अजून जिवंत कसा, असे. त्या दीड दिवसात फोन फिरवणारी मुले तोवर तिशीच्या पुढे गेली असतील.